काठीनं ढकललेला चुडा

“फुटली,” तो म्हणाला.

नवरीच्या तोंडावर म्हणाला. लग्न तोंडावर आलेलं. माझी आक्का त्याच्या दुकानाच्या पायरीखाली धुळीत बसलेली. आंगठ्याच्या बुडाशी काच घुसलेली, रक्त मनगटावरून कोपराकडं निघालेलं. आणि तो वर गादीवर मांडी घालून पुन्हा म्हणाला, “फुटली बघा. पहिलीच फुटली.”

आमच्याकडं बांगडीला फुटली म्हणत नाहीत. वाढली म्हणतात. हातातून निसटून दगडावर पडून चक्काचूर झाली तरी बाई म्हणते, वाढली. फुटते ती नवऱ्याच्या मढ्यापाशी. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बांगड्यांच्या दुकानात जन्म घालवलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? थोड्याच वेळापूर्वी वर बसलेल्या एका बाईची बांगडी त्याच्याच हातात तडकली होती. तेव्हा तो जीभ चावून म्हणाला होता, “वाढली अक्का, वाढली.” आणि लगेच दुसरी काढली होती.

दुकान तेच. बांगडी तीच. तोंड तेच. आमच्यासाठी शब्द तेवढा वेगळा.

गुंडू त्याचं नाव. दुकान त्याचं नव्हतं. मालक आत खोक्यांच्या मागं तक्क्याला टेकून पडलेला असायचा. गुंडू पगारी नोकर. पण निपाणीच्या बाजारात बायका दुकानाला मालकाच्या नावानं ओळखत नव्हत्या, गुंडूच्या नावानं ओळखत होत्या. त्याचा हात हलका आहे म्हणायच्या. हात दाबून बांगडी चढवताना दुखत नाही म्हणायच्या.

आम्ही बोरगावकडच्या एका खेड्यातले महार. आप्पा गावचा येसकर, वेशीचा राखणदार. दिवसभर गावाची कामं, संध्याकाळी घरोघरच्या भाकरी. आई, आक्का आणि मी तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायचो. तंबाखूचा चीक हाताला बसतो. काळा, चिकट. वर्षानुवर्षं बसला की कातडं जाड होतं, बोटं वळत नाहीत. आक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मी तेव्हा सोळा-सतराची असेन. तिचे हात पन्नाशीच्या बाईचे दिसायचे.

बाजारातल्या दुकानात आम्ही कधी गेलो नव्हतो. आमच्या महारवाड्यात चांदबी यायची. मणेरीण. म्हातारी. डोक्यावर पाटी, त्यात बांगड्या. दाराशी बसायची, आमचा हात आपल्या मांडीवर घ्यायची आणि बांगड्या भरायची. वर्षाच्या सणाला तेवढाच एक परका हात आमच्या हाताला लागायचा. पण त्या साली चांदबी ओढ्याच्या घसरणीला पडली. खुबा मोडला. बोरगावात लेकीच्या घरी खाटेवर पडून होती. लग्नाला हिरवा चुडा तर पाहिजे. आई म्हणाली, “निपाणीला जाऊ. पैसं रोख देणार हाय. देईना कसा?”

दिला. कसा दिला ते सांगते.

आम्ही गेलो तेव्हा दुकानात गर्दी होती. शेतकऱ्यांच्या बायका, जैनांच्या बायका, कुणाच्या लेकी, कुणाच्या सुना. गुंडू कानडी बायकांशी कानडी बोलायचा, मराठी बायकांशी मराठी. “बर्री अक्का, कूड्री,” म्हणायचा. या आक्का, बसा. आम्हाला बघितलं आणि भाषाच संपली. नुसती काठी दाखवली. उंच खुंटीवरच्या बांगड्यांच्या माळा काढायला त्याच्याकडं एक बारीक वेताची काठी होती. तिचं टोक रस्त्याकडं करून म्हणाला, “तितं. सावली सोडून.”

आम्ही उन्हात उभ्या राहिलो. नवी बाई यायची, वर जायची. जुनी उठायची, हात बघत हसत उतरायची. उतरताना आमच्या बाजूचा पदर आवरून घ्यायची. आमच्या मागून आलेल्या किती जणी भरून गेल्या. आई एकदा म्हणाली, “धनी, नवरीला भरायचाय चुडा.” त्यानं ऐकलं. ऐकून दुसरीकडं बघितलं.

शेवटी आईनं पायरीवर पैसे ठेवले. त्यानं तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं, मग उचलले. हिरव्या बांगड्यांची एक माळ काढली. माप विचारलं नाही. हात बघितला नाही. माळ ओट्याच्या कडेला ठेवली आणि काठीनं ढकलली. धुळीत पडली. बसलेल्यांतली एक पोरगी हसली.

“भरून कोन देनार?” आईनं विचारलं.

“तुमचं हात न्हाईत व्हय तुमाला?”

आक्का धुळीत बसली. स्वतःच्या हातानं स्वतःला बांगडी भरता येते, पण चुड्याची बांगडी घट्ट असते. हाताची हाडं आवळून धरणारं दुसरं कुणी लागतं. आईनं प्रयत्न केला. मी केला. आम्हाला कुठं येत होतं? आक्काचा हात वळेना. ओठ दाबून तिनं जोर लावला आणि काच कडकन मोडली.

“फुटली,” तो म्हणाला.

वर बसलेली एक म्हातारी शेतकरीण म्हणाली, “आरं गुंडू, नवरी हाय ती. वाढली म्हनावं.”

“त्यास्नी कशाला वाढली?” तो म्हणाला. “त्यांच्यात काय, आज हिरव्या, उद्या पांढरं कपाळ. आत्ताच फुटली ती बरी.”

हसले. सगळे नाही. पण हसले. म्हातारीनं मान खाली घातली. तेवढीच तिची माया.

आईनं पदर पसरला. अजून मला तो पदर दिसतो. ठिगळाचा. “धनी, असं अशुभ बोलू नगासा. येवढी एक डाव हात धरून भरा. लेकरू हाय. पाया पडते.”

गुंडू म्हणाला, “हात धरला तर मला आंगूळ करायला लागंल. तुज्या लेकीच्या लग्नात मी आंगूळच करत बसू?”

पुन्हा हसले.

मग तो माल उचलण्याच्या निमित्तानं ओट्याच्या कडेला आला, वाकला, आणि आवाज खाली आणून आईला म्हणाला. आईला म्हणाला, पण मी आईला चिकटून होते. अक्षर न अक्षर ऐकलं.

“सांजच्याला दुकान बंद झाल्यावर मागल्या दारानं लावून दे तिला. एकलीच. तवा धरतो हात.”

आईनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. आईला सवय होती. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, तेच मला सोसलं नाही. म्हणजे हे तिनं आधीही ऐकलं होतं. कुठल्या तरी ओट्याखाली, कुठल्या तरी गुंडूकडून, कधी तरी तिच्याबद्दलही. आणि तेव्हाही तिनं असंच तोंड केलं असणार.

धुळीतली माळ मी उचलली. दोरा तोडून त्यातली एक बांगडी घेतली. पायऱ्या चढले.

त्या पायऱ्यांवर आमच्यातलं कुणी कधी चढलं नसेल. चढताना मला भीती वाटली नाही, असं मी म्हणणार नाही. पण पाय वर चालले होते.

बायका ओरडत बाजूला झाल्या. गुंडूनं काठी उचलली. मी काठी नाही, त्याचं मनगट धरलं. हात मऊ होता. रोज बायकांचे हात तेलानं चोळून चोळून मऊ झालेला. माझ्या हाताला तंबाखूचा चीक होता. चिकटला तो सुटला नाही.

“धरला बग हात,” मी म्हणाले. “आता काय करतोस?”

तो ओढायला लागला. मी त्याची बोटं आवळली आणि बांगडी चढवली. बोटांवरून गेली, आंगठ्यापाशी अडकली. मी दाबली. सगळं अंग घालून दाबली. काच मोडली. त्याच्याही आंगठ्याच्या बुडाशी घुसली. त्याचंही रक्त लाल निघालं आणि कोपराकडं गेलं.

लोक पुढं सांगताना म्हणाले, पोरीनं गुंडूला बांगड्या भरल्या, त्याला बाई केला. मूर्ख आहेत. बांगडी म्हणजे नामर्दपणा असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या आईचे हात बघितले नाहीत. मला त्याला बाई करायचं नव्हतं. बाईची एवढी इज्जत त्याला मी का द्यावी? मला फक्त त्याचा हात धरायचा होता. भर बाजारात, भर उजेडात, पुढल्या दारानं.

“काय झालं म्हन,” मी म्हणाले. काचेचा तुकडा अजून माझ्या बोटांत होता आणि मनगट सोडलेलं नव्हतं. “फुटली का वाढली?”

तो मनगट सोडवायला बघत होता.

“म्हन.”

“वाढली,” तो म्हणाला. आवाज मघाशी वाकून आईशी बोलताना होता तेवढाच खाली.

“मोट्यानं.”

“वाढली!”

मग मी बायकांकडं वळले. “ह्यो माज्या भैनीला सांजच्याला मागल्या दारानं एकलीला बलवतुया. तवा इटाळ हुईत न्हाय म्हनं ह्याला. तुमच्या हातास्नी लागलेला ह्यो हात कुटं कुटं लागून आलाय ते इचारा त्याला.”

एका बाईनं आपला नुकता भरलेला हात पदराला पुसला. माझा विटाळ झाला म्हणून नाही, मी तिच्याकडंच बघत होते. त्याचा हात लागला होता म्हणून पुसला. ते बघून मला जे सुख झालं ते मी आजही कुणाला देणार नाही.

मग मागून पाठीत पायताण बसलं. मालक बाहेर आला होता, शेजारचे दुकानदार आले होते. किती जणांनी मारलं ते कळलं नाही. आईनं मला अंगाखाली घेतलं. आक्कानं आम्हा दोघींना ओढत बाजाराबाहेर काढलं. चुडा तिथंच राहिला.

बातमी आमच्या आधी गावात पोचली. दुसऱ्या दिवशी आप्पाला चावडीवर बोलावणं आलं. पोरीला दुकानासमोर आणायची, तिनं पायरीवर नाक घासायचं. नाहीतर येसकरकी जाईल, वाडा उठवू, आणि वरात गावच्या वाटेनं कशी जाते बघू. पाटलानं हे शांतपणे सांगितलं म्हणे. शांतपणे सांगतात ते खरं करतात.

आप्पा घरी आला. भाकरीला हात लावला नाही. मला म्हणाला, “त्याचा हात धरलास?”

“व्हय.”

“काय बोलला हुता त्यो?”

मी सांगितलं. मागल्या दाराचंही सांगितलं. आप्पा ऐकत राहिला. मग उठला, पागोटं बांधलं, बाहेरून कडी घातली आणि गेला. आम्हाला वाटलं, चावडीवर गेला.

तो निपाणीला गेला होता. शेजारणीनं भिंतीआडून सांगितलं, पण आप्पानं बजावलं म्हणून कडी काढली नाही.

मी कौलं सरकवून निघाले. शेताशेतातून पळत गेले. पोचले तेव्हा दुकानासमोर गर्दी होती आणि माझा बाप पायरीवर पालथा पडलेला होता. माझ्याऐवजी. पागोटं बाजूला. गुंडू वर गादीवर, हाताला फडकं बांधलेला. मी गर्दीच्या मागं होते. मला त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

“दिसलं न्हाय मला. पुन्ना घास.”

आप्पानं पुन्हा घासलं.

“आनि एक डाव.”

पाटलानं एकदा सांगितलं होतं. बाकीच्या वेळा गुंडूच्या. पगारी नोकराला मालकी गाजवायला माझ्या बापाचं नाक मिळालं.

मी पुढं जायला हवं होतं का? गेले असते तर लग्न मोडलं असतं, वाडा उठला असता. मी उभी राहिले. दात दातांवर ठेवून उभी राहिले आणि बघून घेतलं. कोण हसलं, कोण वळून गेलं, कुणी “बास कर आता” म्हणतंय का. एकानंही म्हटलं नाही. सगळं बघून घेतलं आणि आत ठेवलं.

परत येताना आप्पाला मी वाटेत दिसले. त्याच्या नाकाचं कातडं गेलं होतं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, “तू घासलं असतंस तर मी मेलो असतो.” नाकाची जखम भरली. पण मरेपर्यंत तो निपाणीच्या बाजारात गेला नाही. आणि लोकांशी बोलताना हात नाकाशी न्यायची सवय लागली ती गेली नाही.

लग्न झालं. त्याआधी आक्काला मी बोरगावला चांदबीच्या खाटेपाशी नेलं. चांदबीला सगळं आधीच कळलं होतं. तिला उठून बसता येत नव्हतं. पडल्या पडल्या तिनं आक्काचा हात छातीवर घेतला, जखमेवर फुंकर घातली आणि एक एक बांगडी चढवली. एकही मोडली नाही. आक्का त्या दिवशी रडली. दुकानापुढं रडली नव्हती.

मी चांदबीला म्हणाले, “मला शिकव.”

“कशाला गं?”

“त्याचं गिऱ्हाईक तोडायचंय.”

म्हातारी हसली नाही. माझा हात हातात घेऊन उलटा सुलटा बघितला. म्हणाली, “चीक घालव आधी. मऊ हातानं बांगडी चढती. राग असंल तर पोटात ठिव, बोटात आनू नगंस. बोटात आला तर समोरचीला लागतो.”

वखार सोडली. राखेनं, तेलानं हात घासले. वर्षभर चांदबीच्या खाटेपाशी बसून शिकले. हाड कुठं दबतं, आंगठा कसा आत घ्यायचा, बाई दचकली की कसं बोलत ठेवायचं. मग तिची पाटी डोक्यावर घेतली.

महारवाडा, मांगवाडा, ढोरवाडा. निपाणीच्या चारी बाजूंची गावं पायाखाली घातली. पुढं शहापूरच्या विणकरांच्या गल्ल्यांपर्यंत गेले. ज्या हाताला कुणी शिवत नव्हतं तो हात मांडीवर घेतला. आणि बाई दचकू नये म्हणून बोलत ठेवायचं, तर मी काय बोलायची? तीच गोष्ट. पहिल्या बांगडीला सुरू करायची, शेवटच्या बांगडीला संपवायची. पायरी, काठी, मागलं दार, आप्पाचं नाक. दुकान सांगायची. नाव सांगायची. गुंडू.

त्या दिवसांत आमच्यातली जाणती माणसं वाड्यावाड्यात सभा घेत होती. मेलेलं ढोर ओढू नका, शिळं मागू नका, पोरं शाळेत घाला. पुरुष सभेत ऐकत. बायका माझ्यापाशी ऐकत. आमच्या कुठल्याच वाड्यातली बाई त्या दुकानाची पायरी धरेना. मालकाला त्याचं फार वाटलं नसेल. पण गोष्ट वाड्यात कधी राहते? शेतात भांगलताना आमच्या बायकांनी ती शेतकरणींना सांगितली. शेतकरणींनी सुनांना सांगितली. मागल्या दाराचं ऐकून पुष्कळ जणी गप्प झाल्या. मग एकीनं दुसरीला हळूच सांगितलं की बांगड्या भरताना त्यानं माझाही हात नको तितका वेळ धरला होता. हलका हात म्हणत होत्या त्याला! सासवा म्हणायला लागल्या, त्या दुकानात नको.

एका दिवाळीला मालकानं गुंडूला काढला.

मी त्या दिवशी गूळ वाटला. खरं सांगते, दारोदार वाटला.

स्वराज्य आलं. निपाणीत पताका लागल्या, शाळेतल्या पोरांना पेढे मिळाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी गुंडू आमच्या वाड्याच्या तोंडाशी आला. आप्पा तोवर गेला होता. मी दारात पाटी भरत बसले होते. आधी ओळखला नाही. वाळला होता. धोतर मळलेलं. रस्त्यावरच उभा राहिला आणि लांबूनच हात जोडले.

“लेकीचं लगीन ठरंना,” तो म्हणाला. “जाईल तितं तुजी गोष्ट आदी गेलेली असती. बापाचं नाव सांगितलं की लोक उटून जात्यात. आता सवराज्य आलंय. समदं नवं झालंय. जुनं काडू नगंस. पोरीचा काय गुना?”

पोरीचा गुन्हा नव्हता. ते मला त्यानं सांगायची गरज नव्हती.

मी म्हणाले, “आत ये.”

त्यानं मागं वळून रस्त्याकडं बघितलं.

“जोत्यावर बस. माज्या हातचं पानी पी. मग बोलू दोगं.”

त्यानं आमच्या दाराकडं बघितलं. माझ्या माठाकडं बघितलं. पाय उचलल्यासारखा केला आणि परत तिथंच टेकला. लेकीचं लग्न अडलेलं, नोकरी गेलेली, हात जोडलेले. तरी पाय उचलला नाही.

“हितनंच बोलतो की,” तो म्हणाला.

“मग मीबी हितनंच सांगते. न्हाय.”

मी पाटी भरत राहिले. मान वर केली तेव्हा रस्ता मोकळा होता.

शेजारच्या बायका म्हणाल्या, लई ताणलंस. बापाचं पाप लेकीच्या पदरात कशाला? मी त्यांना सांगितलं ते इथंही सांगते. त्याची लेक माझ्यापाशी आली तर तिचा हात मी मांडीवर घेईन. तिच्या मापाचा, एकही न दुखवता, मनगटभर हिरवा चुडा भरीन. एक पैसा घेणार नाही. पण भरताना गोष्ट तिलाही सांगीन. सगळी. तिच्या तोंडावर, तिच्या बापाच्या नावानं. मग ती रडो, उठून जाओ, नाहीतर बापाला जाऊन विचारो.

माफी द्यायला मोठं मन लागतं म्हणतात. असेल. माझं नाही. माझ्या बापाचं नाक गेलं त्या दिवशी मी मोठ्या मनाचा नाद सोडला. मला फक्त बांगड्या भरता येतात आणि सांगता येतं. जोवर माझ्यापुढं कुणी बाई हात धरते आहे तोवर मी सांगणार. माझी बोटं थकली की सुनेला शिकवीन. हाड कुठं दाबायचं ते नंतर. नाव गाळायचं नाही, हे आधी.